महेश साडेदहापर्यंत झोपायचा

कविता करणाऱ्यांचं एक बरं असतं. कविता फसली तरी ती लिहिताना जे घडतं ते वाया जात नाही. आमच्या मंडळाच्या कपाटात कवितांच्या चार वह्या आहेत, आणि त्या वह्यांत न मावलेल्या गोष्टी माझ्या डोक्यात. दर रविवारी एखादी वाढते! कुणी नवीन माणूस आला की म्हात्रेकाका म्हणतात, "बाई, ती सांगा ना!" एक सांगितली की तिच्या पदराला धरून दुसरी येते, आणि चहा गार होतो.

मी शाळेत मराठी शिकवायचे, म्हणून सगळे मला बाईच म्हणतात. अंबरनाथ पश्चिमेला एका वाचनालयाच्या वरच्या खोलीत आम्ही जमतो. म्हात्रेकाका मोरिवलीचे, कारखान्यातून टर्नर म्हणून रिटायर झालेले. लालवानीशेठ उल्हासनगरचे, पडद्याच्या कापडाचं दुकान आहे त्यांचं. बाकीचे येऊन-जाऊन. पूर्वी आम्ही चंद्र, चाफा आणि नातवंडं यांच्यावर लिहायचो. अगदी सुखात होतो!

* * *

मग एका रविवारी सुमनताई जिना चढून आल्या. बुवापाड्यात राहणाऱ्या, मूळच्या साताऱ्याकडच्या. दारातच थांबल्या आणि विचारलं, "इथं कविता करून मिळतात का?"

त्यांचा मुलगा महेश सैन्यात होता. सीमेवरच्या एका चकमकीत गेला. वर्षश्राद्धाला त्याच्यावर कविता वाचायची होती. "मला लिहिता येत नाही तेवढं. तुम्ही करता ना? मग एक करून द्या."

आम्ही एक नाही, सात केल्या! पुढच्या रविवारी ताईंना खुर्चीवर बसवून एकेक वाचली. रक्ताचे सडे, रक्ताचा टिळा, रक्ताने न्हालेलं शिखर. माझ्या कवितेत तर रक्ताचा अभिषेक होता. वाचताना माझा आवाजसुद्धा भरून आला.

ताईंनी सगळ्या शांतपणे ऐकल्या. म्हणाल्या, "छान आहेत हो. पण यातला एकही माझा महेश नाही."

"का, ताई?"

"त्याला रक्त बघून चक्कर यायची!"

* * *

त्या दिवसापासून आमचा नियम झाला. आधी घरच्यांना भेटायचं, मग लिहायचं. आणि कवितेत 'रक्त' आलं तर त्या रविवारचा चहा त्या कवीने करायचा. पहिले दोन महिने मीच केला!

म्हात्रेकाका मात्र चार वेळा बुवापाड्यात जाऊन आले. ताईंच्या हातची भाकरी खाल्ली, महेशची कॉट बघितली, आणि एक दिवस खिशातून कागद काढला.

सुट्टीवर आला की दहापर्यंत झोपायचा,
आई पांघरूण ओढायची, तो परत ओढून घ्यायचा.
आता पांघरुणाची घडी घातलेली असते,
आई ती रोज मोडते, रोज घालते.

ताई खाली बघत बसल्या होत्या. म्हात्रेकाका घाबरले, "ताई, काय चुकला का?"

"चुकलं," ताई म्हणाल्या. "दहा नाही. साडेदहा."

काकांनी तिथल्या तिथे दुरुस्ती केली. वर्षश्राद्धाला तीच वाचली. त्यानंतर ताई दर रविवारी यायला लागल्या. कविता करत नाहीत. पण आमची प्रत्येक कविता आधी त्यांना ऐकवावी लागते.

* * *

आता लालवानीशेठ. शेठ मराठी फाडफाड बोलतात, पण शिक्षण सगळं सिंधी माध्यमात झालेलं. त्यामुळे मराठी कविताही ते सिंधी लिपीत लिहितात, उजवीकडून डावीकडे! त्या लिपीत काने-मात्रे सगळे लिहीत नाहीत, वाचणाऱ्याने समजून घ्यायचं. दुसरं कुणी लिहिलं तर समजून घेता येईल हो. शेठना स्वतःचंच समजून घ्यावं लागतं.

महेश नोकरीवर परत निघाला तो प्रसंग त्यांनी लिहिला होता. चष्मा पुसून उभे राहिले आणि मोठ्या आवाजात सुरू केलं:

"गाडी सुटता सुटता आईने
डबा भरून शिव्या दिल्या..."

शेठनी कागद डोळ्यांजवळ नेला. "शेवया! अरे साईं, शेवया! सॉरी, ताई, सॉरी!"

ताई हसायला लागल्या. आम्ही त्यांना हसताना पहिल्यांदाच बघत होतो. पदर तोंडाला लावून हसत होत्या. "राहू द्या शेठ, बदलू नका. शेवया कुठल्या! शिव्याच दिल्या होत्या. नवाकोरा स्वेटर घरी विसरून निघाला होता मेला!"

आणि तो शब्द तोंडातून गेल्यावर त्या थांबल्या.

मग म्हणाल्या, "हीच. हीच शिवी द्यायचे."

* * *

पुढच्या वर्षी महेशच्या स्मृतिदिनी चौकात मोठा कार्यक्रम ठेवला होता. मंडप, लाऊडस्पीकर, बॅनर. बॅनरवर पुढाऱ्यांचे नऊ फोटो आणि महेशचा एक, तोही खालच्या कोपऱ्यात. आमच्या कवितेला म्हणे वेळ नव्हता. असू दे.

निवेदक म्हणाला, "आता आपण दोन मिनिटं स्तब्ध उभं राहून श्रद्धांजली वाहू या." सगळे उभे राहिले. पाहुण्यांना बदलापूरला दुसरं उद्घाटन होतं, सेक्रेटरी सारखा घड्याळ दाखवत होता. श्वास घेऊन सोडतोय तोवर निवेदक म्हणाला, "धन्यवाद, बसा."

खुर्च्या वाजल्या. सगळे बसले. म्हात्रेकाका उभेच!

"काका, बसा."

काकांनी मनगट वर केलं. "दोन मिनटं बोललास ना? वीस सेकंद झालेत."

मग ताई उठल्या. लालवानीशेठ उठले, मी उठले. मागच्या रांगा उठल्या. पाहुणे अर्धे उठले, अर्धे बसले, शेवटी पूर्ण उठले. रिक्षावाल्यांनी इंजिनं बंद केली. चौकात इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती.

"झाली," काका म्हणाले. "आता बसा सगले."

घरी जाताना मी म्हटलं, "काका, केवढी हिंमत केलीत!"

"हिंमत कसली, बाई? टर्नर हाय मी. माप कमी भरला तर पीस रिजेक्ट!"

* * *

बदलापूरच्या एका बाबांचा मुलगाही असाच गेलेला. त्याला क्रिकेटचं वेड होतं एवढं फोनवर कळलं, आणि आमच्यातल्या एका उत्साही कवीने नियम मोडून, न भेटताच लिहून टाकलं आणि रविवारी बाबांसमोर वाचलं: 'षटकार मारून तो सीमेपार गेला.'

बाबांनी हात वर केला. "अहो, षटकार कसला? बॅट धरता यायची नाही त्याला! अंपायर असायचा तो. आणि तोसुद्धा चुकीचा!"

"मग मुलं ऐकायची कशी त्याचं?"

"ऐकायची नाहीत, भांडायची. पण एकदा बोट वर केलं की खाली घ्यायचा नाही," बाबा म्हणाले, आणि नकळत स्वतःचं बोट वर करून बसले. बराच वेळ तसंच होतं ते.

* * *

बदलापूरचीच एक शाळा. आम्हाला आणि ताईंना बोलावलं होतं. कविता वाचायच्या आणि मुलांनी प्रश्न विचारायचे. प्रश्न आधीच लिहून दिलेले होते: 'आपल्याला मुलाचा अभिमान वाटतो का?' वगैरे. सहावी-सातवीतली एक मुलगी उभी राहिली, तिने चिठ्ठी बघितली, घडी करून खिशात घातली आणि विचारलं, "आजी, महेशदादाला भीती वाटायची का?"

मुख्याध्यापक तिला बसवायला उठले. ताईंनी त्यांना हातानेच थांबवलं.

"वाटायची की. पहिल्यांदा निघाला तेव्हा कल्याण स्टेशनवर माझा हात सोडत नव्हता. एवढा मोठा घोडा!"

"मग भीती वाटत होती तरी गेला कशाला?"

ताईंनी उलट तिलाच विचारलं, "तुला कशाची भीती वाटते?"

"गणिताच्या पेपरची."

"आणि तू घरी बसतेस?"

सगळा हॉल हसला. मुलगीही हसली. कार्यक्रम संपल्यावर ती आम्हाला रिक्षापर्यंत सोडायला आली. रिक्षा सुरू झाली तरी दोघींपैकी हात कोण सोडत नव्हतं, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

* * *

आणि ही मोरिवलीची.

म्हात्रेकाकांच्या गल्लीत एक आजी राहतात. नवरा मिलिटरीत ड्रायव्हर होता, एकाहत्तरच्या लढाईत गेला. देह काही परत आला नाही. आजींनी पुन्हा लग्न केलं नाही. दिराचं घर आणि शेत सांभाळत आयुष्य काढलं. काका म्हणाले, "आमच्या दारातली बाय राहिली की! तिच्यावर कोनी लिवला नाय."

आम्ही चौघं गेलो. रिक्षा मिळेना म्हणून तासभर उशीर झाला. अंगणात दुधीचा मांडव होता, त्याखाली आजी आमची वाट बघत बसलेल्या. "दहाला येतो बोलले नि लय येल लावलात रं," त्या काकांना म्हणाल्या.

मी वही उघडली. "आजी, कसे होते ते?"

"मना काय म्हायती! अकरा दिस व्हता घरान. त्यातलं चार दिस तं लाजन्यात जेलं."

"तुमचे?"

"त्याचं!"

फोटो? नाही. पत्र? "एक आयला व्हता. मना वाचता येत नव्हता. सासऱ्यानी वाचला नि बोलला, बरा हाय. येवराच." आवडीचं काही? गाणं-बिणं? आजींनी मान हलवली. अकरा दिवसांत माणूस केवढा कळणार!

वहीचं पान कोरंच होतं. निदान नाव तरी लिहावं म्हणून मी विचारलं, "त्यांचं नाव काय, आजी?"

आजींनी पदर डोक्यावर ओढला आणि काकांकडे बघितलं. जुन्या बायका नवऱ्याचं नाव तोंडाने घेत नाहीत. घ्यायचं ते फक्त उखाण्यात. आणि नवरा गेला की मग बाईला उखाणाही कुणी घ्यायला लावत नाही. म्हणजे लग्नात, उंबऱ्यावर अडवलं तेव्हा एकदा घेतलं असेल, तेवढंच. गावात तर त्याला सगळे 'लढाईवाला' एवढंच म्हणत आलेले.

काका नाव सांगायला गेले. सुमनताईंनी त्यांच्या हातावर हात ठेवला.

"आजी," ताई म्हणाल्या, "नाव घ्या."

"मी?" आजी दचकल्या. "मना आता कोन सांगतंय नाव घ्यायला!"

"मी सांगते. घ्या."

शेजारच्या दोन बायका दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. आजींनी हातातली काठी भिंतीला टेकवून ठेवली. पदर नीट केला. वर मांडवाकडे बघितलं, मग मान खाली घातली, आणि सतरा वर्षांच्या पोरीसारखं लाजून, एका दमात म्हणाल्या:

"मांडवावर चढला दुधीचा वेल,
हिराजीरावांना घरा यायला जरा झालाय येल!"