नसीम आपा आणि मेथीच्या वासाची डिस्क

नसीम आपा हार्डडिस्क हातात घेतली की आधी तिचा वास घ्यायच्या. मग ती तळहातावर उलटीसुलटी करून बघायच्या आणि चष्म्यावरून समोरच्या माणसाला विचारायच्या, "कधी पाडली?" पडली का, असं नाही. कधी पाडली. समोर डॉक्टर असो, वकील असो की कॉलेजचा प्राचार्य, उत्तर ठरलेलं असायचं, "पडली न्हाई मॅडम, आपोआपच बंद झाली." आपा मान डोलवायच्या. "हौ. डिस्क आन् नवरा. दोन्ही पडून घरी येतात, आन् घरचे म्हणतात, नुसती चक्कर आली."

नांदेडला इतवाऱ्यात, एका कापड दुकानाच्या मागच्या बोळात त्यांचं दुकान होतं. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. दोन टेबलं, तीन जुने कॉम्प्युटर, एक टेबलफॅन, आणि भिंतीवर त्यांनी स्वतः मोठ्या अक्षरात लिहून लावलेला कागद : 'उगाच चालू करून बघू नये.' बिघडलेल्या, बंद पडत आलेल्या डिस्कमधून लोकांचा गेलेला माल त्या परत काढून द्यायच्या. देगलूर, परभणी, थेट लातूरपासून माणसं यायची. बहुतेक सगळे पुरुष, आणि बहुतेक सगळे घाबरलेले.

मीही तसाच गेलो होतो. मी लोह्याचा. लग्नाचे फोटो आणि व्हिडिओ काढतो. त्या वर्षी मे महिन्यात माझ्या डिस्कवर तीन लग्नं होती आणि एका दुपारी ती डिस्क टक, टक, टक असं वाजायला लागली. घड्याळ वाजावं तशी, फक्त वेळ न दाखवता. पुण्यातल्या एका मावसभावाने फोनवर सल्ला दिला की डिस्क प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजमध्ये ठेव, जिवंत होते. मी ठेवली. दोन दिवस ठेवली. जिवंत झाली नाही, म्हणून इतवाऱ्यात आलो.

आपांनी वास घेतला. परत घेतला. मग माझ्या नाकापाशी धरली.

"ह्याला मेथीचा वास कामून येऊन राहिला?"

मी हातातली प्लास्टिकची पिशवी खिशात कोंबली.

"भाजीसंगं ठेवली व्हती का?"

"हाव. फ्रीजमधी."

"वरण पण लावलं असतं ना. जेवून तरी उठली असती." मग त्यांनी डिस्क कापडाने पुसली आणि म्हणाल्या, "आता खरं सांग. कधी पाडली?"

सांगितलं. टेबलावर चढून पंख्याची वायर बघत होतो, पाय केबलला लागला. पडल्यावर किती वेळा चालू करून बघितली, असं त्यांनी विचारलं. दहा-बारा वेळा, मी म्हणालो. तेव्हा मात्र त्यांची थट्टा थांबली.

"म्हातारा माणूस मरायला टेकला की सगळं गाव येऊन त्याला हलवतं. ओळखलं का, मी कोण, ओळखलं का. तो आजारानं मरत न्हाई, ओळख देऊन देऊन मरतो. तू बी तेच केलं. आता हिच्यात किती दम हाय, अल्लालाच ठाऊक."

आपांचं हे काम काही शिकून आलेलं नव्हतं. त्यांचं आणि त्यांच्या मिस्टरांचं टायपिंग इन्स्टिट्यूट होतं. निम्म्या नांदेडची बोटं आपांनी वळणावर आणली, असं त्या स्वतःच सांगायच्या. कॉम्प्युटर आले तशी टायपिंगची मशीनं भंगारात गेली. त्यांनी एक कॉम्प्युटर घेतला, सगळ्या विद्यार्थ्यांची नावं, परीक्षांचे अर्ज त्यात भरले, आणि तो वर्षभरात मेला. दुरुस्त करणाऱ्याने डिस्क उघडली, आत फुंकर मारली आणि म्हणाला, आता बघा. आता बघण्यासारखं काही उरलंच नव्हतं. "त्याच्या त्या फुंकरीनं तीनशे पोरी परीक्षेवाचून राहिल्या असत्या," आपा सांगायच्या. "मी घरोघर फिरून अर्ज परत भरून घेतले. चपला झिजल्या. तवाच ठरवलं, ह्या पेटीत काय हाय ते मी बघणार. पण फुंकर न मारता."

डिस्क त्या कधीच उघडायच्या नाहीत. ज्या डिस्कचं आतलंच मोडलेलं असे, ती त्या सरळ हैदराबादच्या मोठ्या लॅबचा पत्ता देऊन परत करायच्या. "हितं हवेत इतकी धूळ हाय की आपलीच डोकी चालत न्हाईत, तिचं कसं चालंल?" काहीच निघणार नसलं तर तेही तोंडावर सांगायच्या. "गेली. चहा घे, आन् घरी जा."

लोक डिस्कसोबत काय काय आणायचे. एकाने डिस्कला तावीज बांधून आणला होता. माहूरला जाऊन आलेल्या एकाने केबलला अंगारा लावला होता. आपा कुणालाच हसायच्या नाहीत. "दुवा राहू दे, दोरा तेवढा सोड. पंख्यात अडकंल."

एकदा माझ्यासमोर एका बड्या व्यापाऱ्याची बायको आली. नवऱ्याची डिस्क आपांकडे होती. ती हळूच म्हणाली, "आपा, त्यात काय काय हाय, जरा सांगा ना." आपांनी तिला पंख्यासमोर बसवलं, पाणी दिलं. म्हणाल्या, "बाई, मी फायली उघडतात का तेवढं बघते, आत काय हाय ते बघत न्हाई. नवऱ्यावर शंका असंल तर नवऱ्याला विचार. त्याच्यातून काय निघतं बघ. त्याची रिकव्हरी माझ्याकडं न्हाई." ती बाई हसली, पण जाताना डोळे पुसत गेली. 

माझ्या डिस्कचं काम त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू केलं. मला वाटत होतं, त्या डिस्क लावतील आणि फायली एकेक करून काढतील. तसं नसतं. आधी मरणाऱ्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल दुसऱ्या चांगल्या डिस्कवर उतरवून घ्यायची. मग तिला परत हात लावायचा नाही. जे काही शोधायचं, जोडायचं, ते त्या नकलेत. नक्कल घेतानाही घाई नाही. "जे गोडीनं देती, ते आधी घ्यायचं," आपा मला समजावत होत्या. "जिथं अडती, तिथं भांडायचं न्हाई, पुढं जायचं. सगळं झालं की मागं येऊन अडलेल्या जागी दुसऱ्या बाजूनं विचारायचं. सासूशी बोलतात तसं." डिस्क पालथ्या घातलेल्या स्टीलच्या ताटावर ठेवली होती आणि टेबलफॅन तिच्यावर रोखला होता. आपा आणि मी बाजूला घाम पुसत बसलो होतो. तापली की त्या तिला थांबवायच्या, तासाभराने परत चालू करायच्या.

चौथ्या दिवशी दुपारी माझा फोन वाजला. तीनपैकी एक लग्न अहमदपूरजवळच्या एका गावातलं होतं. मुलीचे वडील किशनराव, शेतकरी, चांगले सहा फूट उंच, पण कॅमेरा दिसला की मंडपाच्या खांबामागे. वरातीत मात्र त्यांच्या भाच्यांनी त्यांना ओढून आणलं आणि ते नाचले. मी ते शूट केलं होतं. लग्नानंतर बाराव्या दिवशी किशनराव शेतात बसल्या जागी गेले. हृदयविकार. त्यांच्या बायकोचा, सुमनकाकूंचा, हा फोन होता. माझे दोन्ही हात आपांच्या वायरी धरण्यात गुंतलेले, म्हणून आपांनीच तो स्पीकरवर लावला.

"बाळा, त्यांचं नाचतानाचं हाय ना रे तुझ्याकडं?"

"हाय की काकू. एडिटिंग चालू हाय. आठ दिवसात देतो."

"दे बाबा. घरात त्यांचा एकच फोटो हाय, आधार कार्डावरचा. त्यात ते चोरावानी दिसतात."

फोन ठेवला. आपा माझ्याकडे बघत होत्या.

"कोण व्हती?"

मी सगळं सांगितलं. मेमरी कार्ड पुढच्या लग्नासाठी पुसून टाकलं होतं, दुसरी कॉपी कुठेच नव्हती, हेही सांगितलं.

"मग तिला एडिटिंग कामून म्हणला?"

"आपा, निघालं तर देतोच की. उगाच तिला कशाला..."

"आन् न्हाई निघालं तर? आठ दिवस ती वाट बघंल. मग तू म्हणशील, अजून आठ दिवस. त्या बाईचा नवरा एकदा मेला हाय, तू त्याला हप्त्या-हप्त्यानं मारणार का? लाव फोन."

मी म्हणालो, उद्या लावतो. त्यांनी डिस्कची वायरच काढली. "फोन लाव, मग काम पुढं."

मी फोन लावला. सांगितलं की डिस्क माझ्या हातून पडली, व्हिडिओ निघेल की नाही माहीत नाही, मघाशी खोटं बोललो.  पलीकडे कुठेतरी शेळी ओरडत होती. मग काकू "बरं" एवढंच म्हणाल्या आणि फोन बंद झाला. त्या 'बरं'पेक्षा शिव्या परवडल्या असत्या.

आपांनी वायर परत लावली. "आता मी तुझ्यासाठी न्हाई बसले," त्या म्हणाल्या. "तू जा, बाहेर बस. तुझं तोंड बघून तीबी बिघडंल."

सहाव्या दिवशी दोन लग्नं पूर्ण निघाली. किशनरावांच्या घरच्या लग्नाचे फोटोही बरेचसे आले. पण वरातीचा व्हिडिओ डिस्कच्या नेमक्या अडलेल्या भागात होता. आपा दिवसभर तिथेच परत परत जात राहिल्या, कधी पुढून, कधी मागून. मध्येच लाइट गेली, इन्व्हर्टरवर चालवलं. जेवण तसंच झाकून राहिलं. चारच्या सुमारास डिस्कचा टकटक आवाज थांबला आणि ती परत कधी फिरलीच नाही. सहा मिनिटांच्या नाचातले चाळीस सेकंद आले होते.

मला वाटलं, ते चाळीस सेकंद मी मोबाईलवर पाठवून मोकळा होईन. आपांनी ऐकलं नाही. "चल, मीबी येते," म्हणाल्या आणि बुरखा घालून तयार. आम्ही एसटीने अहमदपूरला गेलो, तिथून जीपने गावात. वाटेत आपांनी पूर्ण जीपला डिस्क कशी सांभाळावी हे ऐकवलं. त्या जीपमधल्या एकाकडेही कॉम्प्युटर नसावा.

सुमनकाकूंनी आम्हाला ओसरीवर बसवलं. मी लॅपटॉप उघडला. बटण आपांनीच दाबलं. चित्रात मध्येमध्ये हिरवे चौकोन येत होते, आवाज तुटत होता. पण किशनराव होते. दोन्ही हात वर, एक पाय उचललेला, दुसरा कुठे टाकावा ते ठरत नव्हतं. फेटा कानावर आला, त्यांनी तो एका हाताने धरला आणि दुसऱ्या हाताने नाचत राहिले. तेवढ्यात चित्र थांबलं.

काकू पडद्याजवळ गेल्या. "एवढंच हाय का?"

आपा म्हणाल्या, "एवढंच हाय, बाई. बाकीचं मला काढता आलं न्हाई."

 काकू पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. "कसं नाचतंय बघा हे माणूस. म्हैस चिखलातून निघाल्यावानी." हसता हसता त्यांना रडू आलं, रडता रडता परत हसू. "लावा, परत लावा." आम्ही अकरा वेळा लावलं. अकराव्यांदा शेजारपाजारच्या सगळ्या बाया ओसरीवर होत्या आणि आपा त्यांच्यात मांडी घालून बसल्या होत्या, हातात चहा, डोळ्यांत पाणी, आणि तोंडाने चालूच, "ह्यो पाय बघा, ह्यो पाय, कुठं चाललाय त्यालाच ठाऊक न्हाई."

परतीच्या एसटीत आपा मला म्हणाल्या, "बालाजी, तीन लग्नांत नवरा-नवरीचे किती फोटो काढले?"

"दोनेक हजार असतील."

"आन् त्या माणसाचा एक नाच. तोबी भाच्यांनी ओढून आणलं म्हणून." मग खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "स्टेजवर उभे राहतात त्यांचे निघतातच रे. खांबामागं असतात त्यांचे काढत जा."

गेल्या वर्षी आपा हैदराबादला लेकीकडे कायमच्या राहायला गेल्या. गुडघे गेले होते, आणि लेक ऐकेना. मी त्यांना गाडीत बसवायला नांदेड स्टेशनला गेलो. त्यांनी मला आशीर्वादासारखं काही दिलं नाही. खिडकीतून एवढंच म्हणाल्या, "गाडी हलली की पळू नको बरं, पडशील, आन् म्हणशील आपोआप पडलो."

गेल्या महिन्यात कंधारकडे एका लग्नात होतो. नवरीचे मामा पाण्याच्या जारमागे उभे होते, हातात ग्लास, नजर दुसरीकडे. मी कॅमेरा घेऊन सरळ त्यांच्यासमोर गेलो. ते वैतागले. "माझं काय काढतो रे, नवरीचं काढ."

"नवरीचे आठशे झाले, मामा," मी म्हणालो. "तुमचा एकबी न्हाई."

त्यांनी इकडेतिकडे बघितलं. ग्लास खाली ठेवला, टोपी सरळ केली, आणि उभे राहिले.