तिचा बसलेला आवाज

हा ब्लॉग मला माझ्या लेकीनं काढून दिला. ती शहापूरला औषधाच्या दुकानात कामाला आहे, रविवारी डोळखांबकडं आमच्या पाड्यावर येते. म्हणाली, "बाबा, तुमी दिवसभर ओटीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला धरून ठेवता. त्यापेक्षा लिहा. मी टाइप करते." मी चौथी नापास. पण नापास गणितात झालो, अक्षर माझं मास्तरापेक्षा बरं होतं.

काय लिहायचं यावरून आमचं वाजलं. ती म्हणे धबधब्यावर लिहा, मुंबईची माणसं वाचतात.

"धबधबा पडतोय हे त्यांना दिसतं. ते मी कशाला सांगू?"

"मग नाचणीवर लिहा. आता डॉक्टर खायला सांगतात."

"मी जन्मभर खाल्ली, तवा कुणी विचारलं नाय."

"मग तुमीच सांगा!"

मी म्हटलं, तुझ्या आईचे धवले लिहायचे. तशी तिनं वही-पेन काढून माझ्यापुढं ठेवलं.

माझी बायको धवलेरी होती. आमच्याकडं लग्न लावताना बाया धवले गातात, हळदीपासून नवरी निघेपर्यंत. मुरबाडच्या पलीकडूनही तिला बोलावणं यायचं. ती जाऊन आता वर्ष होईल. लग्नात आता डीजे वाजतो, आणि तिचे धवले कुठं लिहिलेले नायत. ब्लॉगवर टाकलेलं राहतं, असं लेक म्हणाली होती. तेवढं मी पक्कं धरलं.

लिहायला बसलो तर पहिलीच ओळ येईना. मांडव आठवला, पिठाचा चौक आठवला, चौकापाशी बसलेल्या तिची पाठ आठवली. गाणं नाय. लग्नात आमी बापे मांडवाबाहेर बसायचो, आमच्याच गप्पांत. आत बाया गातात हे ठाऊक, काय गातात ते कोण ऐकतो? लेकीला विचारलं. ती म्हणाली, "मैत्रिणी हसायच्या बाबा. आई गायला लागली की मी घरी पळायची."

पण धवले एकटीनं गात नाय, दोघी लागतात. तिच्या जोडीची म्हातारी मुरबाडजवळ मुलाकडं राहते. लेक म्हणाली, फोन लावू का? मी म्हटलं, ही काय फोनवर मागायची गोष्ट आहे? धवलेरीला बोलवायला जातात तसा नारळ आणि खण घेतला आणि एसटीनं गेलो.

नारळ बघून म्हातारी हसली. "काय भावजी, कुणाचं लगीन काढलंत? तुमचंच का काय?"

"तुमची गाणी न्यायला आलो, बाय. लिहून ठेवायचीत."

तिनं पदर सावरला, डोळे मिटले. मांडीवर हात हलायला लागला. तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. पुन्हा उघडलं. मग माझ्याकडं बघून म्हणाली, "ती उचलायची, मी झेलायची. तिची ओळ कानावर आली की माझी आपोआप निघायची. आता येत नाय हो."

"जन्मभर गायलात ना, बाय?"

"तिच्या मागून गायले. ती पुढं असताना मला कशाला ध्यानात ठेवायची पाळी?" मग एकदम सरसावून बसली. "भावजी, तुमी फक्त पहिली ओळ द्या. एकच. पुढचं सगळं मी गाते."

मी टोपी काढून डोकं खाजवलं.

"अवो, नवरा ना तुमी तिचे?"

मला चाल येत होती. मी गुणगुणून दाखवली. ती म्हणाली, "चाल सगळ्यांची एकच असते, भावजी."

निघताना तिनं खण ठेवून घेतला, जिला बहीण मानली तिची आठवण म्हणून. नारळ परत दिला. गायले नाय तर नारळ कसा घेऊ, म्हणाली. तो घरात फळीवर आहे, फोडला नाय.

रविवारी लेक आली. धबधब्याचं नाव तिनं काढलं नाय. मी म्हटलं, लिही. लग्न उरकून तुझी आई घरी यायची तेव्हा तिचा आवाज बसलेला असायचा. कोमट पाण्यात मीठ टाकून गुळण्या करायची. भाकरी झाली, गुरं बांधा, सगळं खुणेनं सांगायची. मी मुद्दाम कळलं नाय असं दाखवायचो. मग चिडून जवळ यायची आणि कानाशी घोगऱ्या आवाजात बोलायची. नवरी लय रडली. वरणात मीठ नव्हतं. नवऱ्याचा मामा पिऊन पडला. ते सगळं मला शब्दाला शब्द आठवतं. तेवढंच माझ्याकडं आहे, तेच इथं लिहिलं.

मी आजवर कुणाकडं काय मागितलं नाय. पण शहापूर-मुरबाडकडं कुणाच्या लग्नात ती गायली असेल, आणि घरात कुणा म्हातारीला पहिली ओळ आठवत असेल, तर कळवा. पुढचं गायला बाई बसलेली आहे.

उशीर करू नका. ती माझ्याहून मोठी आहे.