निवलेल्या चाकाचं माप

रत्नागिरीच्या एमआयडीसीत तांब्याची तार तापवून मऊ करणाऱ्या यंत्रावर मी नवा इंजिनिअर होतो. घरातला पहिला पदवीधर. नोकरी अजून कायम व्हायची होती. तारेला वीज देणारी चाकावरची निकेलची कडी झिजली, म्हणून देवरूखकडचे एक मिस्त्री नवी कडी कातून बसवायला आले. यंत्र थांबताच मी चाकाचं माप घेतलं. मिस्त्रींनी चाकाजवळ तळहात धरला आणि हसले.

"चाकाला ताप आलाय, सायेब. तापलेलं चाक फुगतं. ह्या मापाची कडी उद्या सैल पडंल."

महागडं निकेल माझ्यामुळे वाया गेलं असतं. चाक निवल्यावर त्यांनी मापाची पट्टी पुन्हा माझ्याच हातात दिली.

कडी घट्ट बसली. मॅनेजरांनी विचारलं, "माप कोणी घेतलं?"

मिस्त्री हात पुसत म्हणाले, "ह्या सायबांनी. चाक चांगलं निववून घेतलं."