येतो म्हणालेला माणूस

डॉक्टर मुरलीधर तेंडोलकरांच्या स्वयंपाकघरात, फ्रिजशेजारी, भरती-ओहोटीच्या वेळा छापलेलं एक चिमुकलं पुस्तक खिळ्याला टांगलेलं असतं. घर रीडिंगमध्ये आहे. रीडिंगपासून समुद्र किती लांब आहे ते नकाशात बघा, म्हणजे माझा वैताग कळेल. दहा मिनिटांवर थेम्स आहे खरी, पण तिला इथे ना भरती ना ओहोटी. तरी हा गृहस्थ रोज सकाळी चष्मा लावून ते पुस्तक बघतो आणि जाहीर करतो, "साडेअकराला पाणी पूर्ण चढेल." कुठलं पाणी? तर समुद्रापलीकडच्या, फ्रान्समधल्या एका खाडीचं.

मी नीना. मूळची नागपूरची, इथल्या शाळेत सव्वीस वर्षं फ्रेंच शिकवून निवृत्त झालेली. डॉक्टरांची बायको सुप्रभा माझी मैत्रीण. ती होती तेव्हा मी तिच्यासाठी जायची, आता दर रविवारी डॉक्टरांसाठी जाते. खोटं कशाला बोलू, त्यांच्या हातच्या माशांसाठीही जाते.

डॉक्टर भुलीचे. आयुष्यभर इथल्या हॉस्पिटलात लोकांना झोपवलं. जन्म वेंगुर्ल्याचा, पण वडील पोस्टमास्तर आणि भित्रे, पोराला होडीच्या आसपास फिरकू दिलं नाही. त्यामुळे समुद्रकाठी वाढलेल्या ह्या माणसाने होडीत पहिलं पाऊल ठेवलं ते पासष्टाव्या वर्षी, तेही फ्रान्सच्या ब्रिटनीत. रिटायर झाल्यावर दोघं तिकडे हिंडायला गेले आणि खाडीकाठचं एक दगडी घर बघून आले. सुप्रभाने मला फोनवर सांगितलं, "अगं, पावसाळ्यात शेवाळाचा वास येतो तसा वास आहे तिथे." एवढ्या कारणावरून घर घेणारी माणसं मी दुसरी पाहिली नाहीत. आपले इतर निवृत्त डॉक्टर पुण्यात फ्लॅट घेतात आणि डिसेंबर-जानेवारी तिथे काढतात. हे दोघं दहा वर्षं त्या खेड्यात राहिले.

शेजारी यान. कालवं वाढवायचा धंदा केलेला, एकटा, बोलायला कमी. खरी गोष्ट त्याच्यापासून सुरू होते, म्हणजे डॉक्टरांच्या एका चुकीपासून.

पहिल्याच आठवड्यात यानने ह्यांना संध्याकाळी सायडर, म्हणजे सफरचंदाची दारू, प्यायला बोलावलं. निघताना डॉक्टरांनी आपल्या पद्धतीने निरोप घेतला. 'जातो' म्हणायची आपल्यात सोय नाही. घरातून निघणारा 'येतो' म्हणतो, 'जातो' म्हणाला तर आई पाठीत धपाटा घालते. डॉक्टरांनी डोक्यातलं मराठी सरळ फ्रेंचमध्ये ओतलं. हसून म्हणाले, "झ व्हियाँ." मी येतो.

यानने त्याचा अर्थ घ्यायचा तोच घेतला. त्याला वाटलं, घरी जाऊन काहीतरी घेऊन हे जेवायला परत येतायत. त्याने तीन ताटं मांडली. नऊपर्यंत वाट बघितली. मग शिनाण्यांचं, म्हणजे काळ्या शिंपल्यांचं, पातेलं उचलून ह्यांच्या दारात येऊन उभा राहिला आणि ओरडला, "येतो म्हणालास ना? मग आला का नाहीस?"

सुप्रभाला हसू आवरेना. हातवारे करत, मोडक्या फ्रेंचमध्ये तिने समजावलं की आमच्यात 'जातो' म्हणत नाहीत. जाणारा तो एकदाच जातो. बाकीचे सगळे येतच असतात. यानने पातेलं पायरीवर ठेवलं. मग म्हणाला, "हे बरं आहे." त्या दिवसापासून तो ह्यांच्या घरातून निघताना 'येतो' म्हणायला लागला. सुप्रभा 'येते' म्हणते हेही त्याने टिपलं होतं. बाई असली की 'येते', हे त्याला कुणी सांगावं लागलं नाही.

जे त्या कालववाल्याला जमलं ते ह्यांच्या लेकीला, तनयाला, चाळिशी उलटली तरी जमत नाही. ती रीडिंगमध्येच वाढली. अजूनही दारातून ओरडते, "मी येतो हां!" सुप्रभा दर वेळी म्हणायची, "येते म्हण गं, मिशा फुटल्यात का तुला?"

त्या दहा वर्षांबद्दल डॉक्टर बोलायला लागले की थांबत नाहीत. यानने त्यांना शीड कसं ओढायचं ते शिकवलं. वारा कुठून येतोय हे कानाच्या पाळीवर ओळखायला शिकवलं. यानचं होडकं जुनं लाकडी, शीड तांबडं, डोलकाठी जराशी वाकडी. ओहोटीबरोबर बाहेर पडायचं, खाडीच्या तोंडाशी पावाला खारं लोणी फासून कालवं खायची, आणि भरतीच्या पाण्याबरोबर घरी यायचं. सुप्रभाने यानच्या बिडाच्या तव्यावर तांदळाची घावनं घातली तेव्हा तो म्हणाला, आमच्याकडेही हीच घालतात, फक्त पीठ चुकलंय. मी दोनदा राहून आले तिथे. इतकं साधं सुख मी एरवी कधी जवळून बघितलेलं नाही, आणि मला त्यांचा हेवा वाटला, हे आता सांगायला हरकत नाही.

मग सुप्रभाला कॅन्सर निघाला. उपचारासाठी ते रीडिंगला परतले. निघताना यान गाडीजवळ उभा होता. सुप्रभाने काच खाली करून म्हटलं, "येते." पुढच्या फेब्रुवारीत ती गेली. तिच्या अस्थी दोन वर्षं झाली, वरच्या खोलीतल्या कपाटात आहेत, होडीत घालायच्या पिवळ्या रेनकोटांच्या मागे. नाशिकहून तिचे दीर विसर्जनाचं विचारतात, इथले लोक अमुक नदी सुचवतात. डॉक्टर 'बघू' म्हणतात.

यान दर डिसेंबरात भरतीचं नवं पुस्तक पोस्टाने पाठवतो आणि दर रविवारी सहाला फोन करतो. होडीला रंग दिला, छपराची कौलं बघितली, केव्हा येतोस? डॉक्टर म्हणतात, येतो.

मागच्या महिन्यात ते घर विकलं. तनयाने विकायला लावलं, आणि तिला दोष देण्यात अर्थ नाही. डॉक्टर एकोणऐंशीचे, हिवाळ्यात हृदयाचा व्हॉल्व्ह बदललेला. "बाबा, बी सेन्सिबल," ती म्हणायची. "निअरेस्ट हॉस्पिटल फॉर्टी किलोमीटर्स आहे. मी इथून काय करणार?" एक डच जोडपं घेतंय. सह्या झाल्या. यानला मात्र कुणी सांगितलं नव्हतं. डॉक्टरांनी सांगायचं होतं, आणि तीन रविवार त्यांनी सांगितलं नाही.

चौथ्या रविवारी मी गेले तेव्हा ते शिनाणे साफ करत होते. सुपरमार्केटच्या प्लॅस्टिकच्या पिशवीतले, त्यामुळे तोंड वाकडं. सायडर, लोणी, कांदा आणि दोन आमसुलं. पाठ माझ्याकडेच ठेवून म्हणाले, "नीनाबाई, 'जातो'ला फ्रेंचमध्ये काय म्हणतात?"

"दहा वर्षं राहिलात तिथे!"

"कधी लागलं नाही."

मी सांगितलं, "झ पार." त्यांनी हळूच म्हणून बघितलं. कागदावर देवनागरीत लिहून फ्रिजवर चिकटवलं.

"तुम्हीच सांगता का त्याला?" ते म्हणाले. "तुमचं फ्रेंच चांगलं आहे."

"अहो डॉक्टर, कमाल करता! त्याने पातेलं घेऊन माझ्या दारात यायचं का?" मी रागावून बोलले, कारण मला रडू येत होतं.

तनयाही जेवायला होती. जेवण झालं, सहा वाजले, फोन वाजला. डॉक्टरांना कमी ऐकू येतं म्हणून फोन स्पीकरवर असतो. यानने नेहमीची बातमी दिली. वारा पश्चिमेचा. शिडाला नवा दोर लावलाय.

"यान," डॉक्टर म्हणाले. "घर विकलं."

मग यान म्हणाला, "ठाऊक आहे. गुरुवारी ते दोघं टेप घेऊन खिडक्या मोजायला आले होते. कुठली झडप अडकते ते मीच दाखवलं त्यांना. तू कधी सांगतोस याची वाट बघत होतो."

डॉक्टरांनी फ्रिजवरच्या कागदाकडे बघितलं. "यान, झ... झ..."

"नको," यान म्हणाला. "तुमच्यात म्हणत नाहीत ते. तुझ्या बायकोने सांगितलंय मला."

मी तनयाला हळू आवाजात भाषांतर करून सांगत होते. यान अजून बोलत होता. तो म्हणाला, "घर विकलंस, खाडी विकली नाहीस. आणि सुप्राबा मला म्हणाली होती, 'येते'. ती अजून आली नाही."

सुप्रभाचं नाव त्याला कधी नीट जमलं नाही, पण 'येते' हा शब्द त्याने मराठीतच म्हटला, स्पष्ट. त्याचं भाषांतर तनयाला लागलं नाही.

डॉक्टर खुर्चीत बसले. वेंगुर्ल्याच्या पोस्टमास्तरांचा मुलगा, अख्खी हयात ऑपरेशन थिएटरात काढलेला, हातात शिनाण्याचं रिकामं शिंपलं धरून हुंदके देऊन रडला. "मला तिला घेऊन जायचंय," ते म्हणाले. "राहायला नाही गं. फक्त पोचवायला. एकटा जाऊ देणार नाहीस म्हणून बोललो नाही."

"बाबा, तुम्ही विचारलंच नाहीत मला," तनया म्हणाली. तिने खिळ्यावरचं पुस्तक काढलं, उलटंसुलटं केलं, त्यांच्यासमोर धरलं. "मला यातलं काही कळत नाही. कुठला डे चांगला?"

डॉक्टरांनी डोळे पुसले, चष्मा लावला, बोट फिरवलं. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यातला एक मंगळवार. सकाळी पाणी पूर्ण चढलेलं, नंतर ओहोटी समुद्राकडे.

तनया फोनवर वाकली. शाळेत तिला फ्रेंच मीच शिकवलं होतं, त्यातलं काही शिल्लक नाही हे मला माहीत आहे. तिने मोठ्याने तारीख सांगितली, इंग्रजीतच. मग मराठीत म्हणाली,

"यान, आई येते. मी पण येते."