कोपरा कापलेलं कार्ड

नसरीन आपांचं नाव मी आधी लिहिते, मग बाकीचं. आपा म्हणजे आमच्या गावच्या टपालवाल्या. मूर्तिजापूरहून आलेली टपालाची थैली स्कूटीला अडकवून तीन गावं फिरतात. त्या नसत्या तर मी आज इथे तिरुपूरला नसते, आणि बाबांचं काय झालं असतं ते मला लिहवत नाही. म्हणून आधी आपा.

मी निघाले त्या दिवशी फाट्यावर बाबा, माय, मी आणि माझी बॅग, एवढेच उभे होतो. नववीत शाळा सोडलेली पोरगी एवढ्या लांब कपड्याच्या कंपनीत जाते, हे गावात कोणाला पटलं नव्हतं. पटलं फक्त बाबांना. बाबा अकोल्याच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये वीस-बावीस वर्षं मशीनपाशी उभे राहिले, त्यात त्यांचे कान गेले. स्वतःला ऐकू येत नाही म्हणून ते फार मोठ्यानं बोलतात. त्या दिवशीही साऱ्या फाट्याला ऐकू जाईल असं म्हणाले, "जाय. पण तुह्यं सांगत राहाजो."

सांगणार कसं? फोनवर त्यांना काहीच कळत नाही. व्हिडिओ लावला तर माझं हलणारं तोंड पाहून नुसती मान डोलावतात.

एसटी दिसली तशी आपांनी स्कूटी आडवी लावली आणि थैलीतून कोऱ्या पोस्टकार्डांचा गठ्ठा काढून माझ्या हातात कोंबला. प्रत्येकावर बाबांचा पत्ता आधीच लिहिलेला.

"आपा, मले नाही जमत पत्र लिवनं. चुका होतात."

"होऊ दे ना. कोन मास्तर बसला हाये तपासाले? बोलते तसं लिव."

अकोल्याला दक्षिणेची गाडी धरली आणि खिडकीपाशी बसून वाटभर तो एकच पत्ता वाचत राहिले.

पहिल्या कार्डाला अख्खा रविवार गेला. शाळेत शिकवलं होतं तसं 'तीर्थरूप बाबांस शिरसाष्टांग नमस्कार' लिहिलं आणि पुढे शब्दच फुटेना. ऱ्हस्व की दीर्घ, काना की मात्रा, सगळ्याचीच भीती. मग आपांचं बोलणं आठवलं आणि लिहिलं, "बाबा, इथं लय भात देतात. भाकर नाही भेटत." त्यानंतर हात थांबेचना. शेवटच्या ओळी तर कार्डाच्या कडेनं उभ्या लिहाव्या लागल्या.

हॉस्टेलच्या गल्लीच्या तोंडाशी लाल पेटी आहे. तिच्यावरचं तमिळ मला वाचता येत नाही आणि माझं मराठी इथे कोणाला वाचता येत नाही. कार्ड आत पडलं तर साधा आवाजसुद्धा झाला नाही. मी तिथेच उभी राहिले. वाटलं, वेडीच आहे मी, हे कसं पोचणार? पिनचे सहा आकडे तेवढे सगळ्यांना कळणारे. त्या सहा आकड्यांवर, ज्यांची तोंडं मी कधी पाहणार नाही अशा किती जणांनी माझं वाकडंतिकडं अक्षर उचललं, निवडलं, गाडीत चढवलं, उतरवलं! दहाव्या दिवशी माय फोनवर म्हणाली, "तुह्यं कार्ड आलं व! चार डाव वाचून झालं त्याईचं."

मी दोनदा विचारलं, खरंच? माझ्या हातचं?

मग बाबांचं उत्तर आलं. त्याचं नवल अजून संपलेलं नाही. घरी बाबांचे शब्द म्हणजे "जेवली काय", "दार लाव", तेही ओरडून. कार्डावर बाबा हळू बोलत होते. शेळीला दोन पिल्लं झाली, त्यातलं एक तुझ्यासारखं हट्टी आहे. तुझी माय अजून तुझ्या नावाची पोळी टाकते, मग ती मीच खातो. निंबाखाली बसून लिहून राहिलो, सावली सरकली की मीही सरकतो. असा माणूस एकोणीस वर्षं आमच्या घरात राहत होता आणि मला पत्ता नव्हता. माझ्यासारखं घर सोडून आलेल्यांना सांगते, फोन रोज करा, पण एकदा हातानं लिहून पाहा. समोरून कोण उत्तर देईल ते सांगता येत नाही.

आता माझी चूक.

इथे मला आधी चेकिंगला बसवलं होतं. टी-शर्टच्या गळ्याला लावायच्या पट्ट्या तपासायच्या, तेलाचा डाग दिसला की तेवढं टोक कात्रीनं उडवायचं. दिवसभर तेच. डाग दिसला की हात आपोआप कात्रीकडे जायला लागला. एके दिवशी सुपरवायझर अक्कांनी बोलावलं आणि चक्क शिलाई मशीनवर बसवलं. जेवणाच्या सुट्टीत घाईघाईनं बाबांना कार्ड लिहिलं. वरच्या कोपऱ्यावर तेलाचं बोट उमटलं. बाबांना घाण कार्ड कसं पाठवायचं? कात्री घेतली, कोपरा सफाईनं उडवला, कार्ड पेटीत टाकलं.

मोठ्या माणसांना इथेच कळलं असेल. मयताच्या कार्डाचा कोपरा फाडून पाठवायची रीत होती. असं कार्ड घरात घेत नसत, बाहेरच वाचून फाडून टाकत. मी मोबाईलच्या काळातली, मला हे ठाऊकच नव्हतं.

पुढचं मला आपांनी आणि मायनं तुकड्या-तुकड्यानं सांगितलं. पोस्टकार्ड उघडंच असतं, त्यामुळे आपांनी ते वाटेतच वाचलं होतं. आनंदानं त्यांनी ते फाटकापासूनच हात उंच करून दाखवलं. बाबा अंगणात तुरीच्या शेंगा निवडत होते. त्यांना दिसला तो नसलेला कोपरा. त्यांनी दोन्ही हात हलवले, आत आणू नको म्हणून, आणि डोळे मिटून घेतले.

"काकाजी, पोरगी मशीनवर बसली!" आपा ओरडत होत्या. ऐकणार कोण?

माय धावत बाहेर आली, तिनंही कोपरा पाहिला. "आपा, माह्या तोंडावर खोटं नको बोलू." नव्या कामाच्या गडबडीत आठ-दहा दिवस माझा घरी फोन झाला नव्हता. तिनं मला फोन लावला. कामाच्या वेळी आमचे फोन गेटवरच्या पेटीत असतात. तो तिथे नुसता वाजत राहिला. शेजारचे जमले. कोणी तरी बोललंच, "एवढ्या दूर धाडाले सांगतलं कोनं होतं?" बाबांनी ते ऐकलं नाही. पण स्वतःच, त्या मोठ्या आवाजात, म्हणत राहिले, "म्याच जाय म्हटलं. म्याच पाठवली."

कान आधीच बंद आणि आता डोळेही मिटलेले. त्या माणसापर्यंत जायला वाटच उरली नव्हती.

मी पेन दाबून लिहिते. चुकेल या भीतीनं हात जड पडतो आणि अक्षरं कार्डाच्या पाठीवर उमटतात. आपांनी ते कधी हेरलं कोण जाणे, कदाचित रोज शंभर कार्डं-पाकिटं हाताळणाऱ्या बोटांनाच ते कळत असेल. त्या आत गेल्या, देवाच्या फोटोमागचं माझं एक जुनं कार्ड आणलं, बाबांसमोर उकिडव्या बसल्या आणि त्यांचं बोट धरून आधी जुन्या कार्डाच्या पाठीवरून फिरवलं, मग नव्याच्या. पुन्हा जुन्या, पुन्हा नव्या. तिसऱ्या खेपेला बाबांचं बोट आपणहून हललं.

त्यांनी डोळे उघडले आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं वाचलं, "बाबा, मले मशीनवर बसवलं!"

आपा जमलेल्या लोकांकडे वळल्या. "मेलेलं मानूस सोताचं कार्ड सोताच लिवते काय? जा आपापल्या घरी!"

सुटी झाल्यावर मी फोन हातात घेतला तर सत्तावीस मिस्ड कॉल. तसाच मायला लावला. अजून तिथेच थांबलेल्या आपांनी तो उचलला. "तुले मारून टाकलं होतं आज गावानं. तेरवीचा सयपाक तेवढा बाकी होता. कोपरा काहून कापला व?" मी तेलाचं सांगितलं. आधी त्या हसल्या, मग मी रडले, मग त्या रडल्या.

बाबांचं कार्ड आलं ते आठ-दहा दिवसांनी. चारच ओळी होत्या. "डाग राहू देत जाय. जिनिंगमधून आलो की माह्याही हाताला तेल राहाय. तुह्या कामाचा वास त कार्डाले येऊ दे. मी तुले जाय म्हटलं थे बरोबरच म्हटलं."

इथल्या मुली रविवारी कपडे वाळत घालताना विचारतात, तुझं घर कसं आहे? मी आधी कौलं, अंगण, निंबाचं झाड सांगायची. आता सांगते, तिथे माझं अक्षर बोटानं ओळखणारा एक माणूस राहतो. त्यांना ते समजत नाही. मलाही पुरतं समजलंय असं नाही.

आपा, परवा तुम्ही हसत म्हणालात, "साऱ्याईले वाटत फिरते मी, मले कोनी एक कार्ड नाही टाकत." त्या दिवसापासून तुमच्या नावाचं कार्ड मी चारदा सुरू केलं. बाबांना शेळीचं विचारता येतं. पण ज्यांनी माझे बाबा मला परत दिले त्यांना काय लिहायचं, ते नववीपर्यंत तरी शिकवलं नव्हतं. तरी लिहीन. ते पेटीत टाकणार नाही. मोठी सुटी मिळेल तेव्हा स्वतः घेऊन येईन, तुमच्या दारात उभी राहून "पोस्ट!" म्हणून ओरडीन, आणि ओढणीला हात पुसत तुम्ही बाहेर येईपर्यंत तिथून हलणार नाही.