भिवंडी ते अन्नपूर्णा : तयारी दोघांची, ट्रेक एकटीचा

भांडणात ठरला आमचा नेपाळचा ट्रेक. मी म्हटलं, "लग्नाला अठरा वर्षं झाली, माथेरानच्या पुढे कधी नेलं नाहीत." आमचे हे, म्हणजे माझे मिस्टर नितीन, जेवता जेवता मोबाईलवर डोंगरात पळणाऱ्यांचे व्हिडिओ बघत होते. मान वर न करता म्हणाले, "चल मग, अन्नपूर्णा बेस कॅम्प. चढताना चालू, उतरताना मी पळणार. बघच तू." मला वाटलं, थट्टा. तर दुसऱ्या दिवशी एका ट्रेकवाल्यांकडे दोघांची नावं देऊन मोकळे!

हे कामतघरला पॉवरलूमच्या कारखान्यात जॉबर आहेत. लूम अडला की तो चालू करून द्यायचा, बावीस वर्षं हेच काम. मी कशेळीला एका गोदामात पॅकिंगची सुपरवायझर. दोघांच्या शिफ्ट सांभाळून सराव कसा करायचा, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी विचारलंय, म्हणून सांगते. रोज पहाटे वऱ्हाळा तलावापाशी चालणं आणि पळणं. सॅकमध्ये वजन म्हणून सुताचे कोन, म्हणजे सूत गुंडाळलेली मोठी रिळं, भरायचे, चार कोनांपासून सुरुवात करून हळूहळू वाढवायचे. चाळीचा जिना वर-खाली वीस वेळा. बूट निघायच्या आधी तीन महिने तरी वापरा, नवे बूट घालून डोंगरावर गेलात तर नखं जातील. आणि रविवारी आम्ही दिघाशीला, माझ्या सासरी, जायचो. गावामागच्या टेकडीवर चढ-उताराचा सराव करायला.

सासूबाई ओटीवर बसून बघायच्या. "पैसं भरून दमाया जायाचं? दमायचाच हाय तं भाताच्या आवनीला या, चिखल हाय, चढ न्हाय, जेवान मी घालते." आम्ही पोट धरून हसायचो.

वेळ मोजायचं काम माझं. गोदामात दिवसभर पोरांच्या मागे लागायची सवय, तीच घरी आणली. कोण किती मिनिटांत टेकडी चढलं ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायचे. सुरुवातीला हे माझ्या पुढे असायचे. दिवाळीनंतर मागे पडायला लागले. अर्ध्यावर थांबायचे, गुडघ्यांवर हात ठेवून खोकायचे. आणि मी वरून ओरडायचे, "अहो, बैल झोपला का? पोट कमी करा जरा!" ते हात हलवायचे, म्हणजे आलो.

खोकल्याची आम्हाला काळजीच वाटली नाही. लूमवर काम करणाऱ्या कुठल्याही माणसाच्या घरी जा, खोकला ऐकू येईलच. हवेत रुई उडते, ती घशात जाते. शिफ्ट सुटली की गुळाचा खडा तोंडात टाकायचा, रुई पोटात उतरते, असं सगळे मानतात. शेजारचे अन्सारीचाचा तर दर खेपेला सांगायचे, "भाभी, गुड़ खिलाओ, सब नीचे चला जाएगा." मीही खिलवत होते. टेकडीवर जाताना मुद्दाम जास्त न्यायचे.

ट्रेकवाल्यांना चाळिशीपुढच्यांसाठी डॉक्टरचा दाखला लागतो. आम्ही तो सगळ्यात शेवटी काढायला गेलो, रेल्वेची तिकिटं झाल्यावर. ही आमची चूक तुम्ही करू नका. आधी दाखला, मग तिकीट.

ठाण्याच्या डॉक्टरांनी यांना एका नळीत फुंकायला लावलं. "जोरात, अजून, सोडू नका." हे लालबुंद झाले. तीनदा फुंकलं. मग डॉक्टरांनी विचारलं, खोकला किती वर्षं आहे? यांच्याआधी मीच बोलले, "रुईचा आहे डॉक्टर, सगळ्यांनाच असतो."

त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "सगळ्यांना असतो म्हणून तो बरा ठरत नाही, ताई. यांच्या श्वासनळ्या आकसल्यात. उंचावर अजिबात जायचं नाही. आणि जमेल तितक्या लवकर ते काम सोडा."

परत येताना कशेळीच्या पुलावर नेहमीसारखं ट्रॅफिक अडकलेलं. माझ्या डोक्यात फक्त ते कॅलेंडर. ज्या माणसाला श्वास पुरत नव्हता, त्याला मी बैल म्हणत होते. पूल संपता संपता हे म्हणाले, "तू जा."

"डोक्यावर पडलात का?"

"अगं, दोघं घरी बसलो तर माझ्यामुळं बसलो असं होईल. ते ओझं मला नको. जा तू."

महिनाभर मी नाही-नाही म्हणत राहिले आणि शेवटी गेले.

कल्याणहून गोरखपूर, तिथून बसनं सोनौली. सरहद्द चालत ओलांडायची, आधारवर भिस्त ठेवू नका, मतदान कार्ड न्या. पैसे शंभरच्या नोटांत ठेवा. पुढे पोखरापर्यंतची बस अख्खा दिवस खाते आणि हाडं खिळखिळी करते. माझ्या शेजारची सीट रिकामी नव्हती, एक म्हातारे नेपाळी आजोबा घोरत होते. तरी मी दोनदा वळून यांना काही सांगायला गेले.

पोखराहून जीप, मग पायवाट. जेवण म्हणजे डाळ-भात, मागाल तितका वाढतात. जसजसं वर जाल तसतसा महाग होतो, पण कुरकुर करू नका, तो माणसांच्या पाठीवरून वर आलेला असतो. छोमरोंगच्या पायऱ्यांची धास्ती बाळगा. हजारो आहेत, आधी उतरायच्या आणि मग समोरच्या अंगाला चढायच्या. मी सवयीनं घड्याळ लावून निघाले. आमचा गाईड, पन्नाशीचा शांत माणूस, मागून म्हणाला, "दिदी, बिस्तारै. बिस्तारै." म्हणजे हळूहळू. "पहाड़ कहीं नहीं जाता."

मी तिथंच पायरीवर बसले आणि रडले. सरावाच्या इतक्या महिन्यांत हा एक शब्द मला यांच्यासाठी सुचला नव्हता. गाईडला वाटलं, पाय मुरगळला.

चौथ्या दिवशी बेस कॅम्प. पहाटे खोलीतून बाहेर आले तर चारी बाजूंना बर्फाचे डोंगर आणि आभाळ असं लख्ख की नखाएवढाही ढग नाही. ऊन आधी सगळ्यात वरच्या टोकाला लागलं, मग कड्यांवरून हळूहळू खाली उतरत आलं. आमच्या ग्रुपमधले लोक ओरडत होते, मिठ्या मारत होते. एवढं सुंदर काही मी जन्मात पाहिलं नव्हतं, आणि मला त्याचा राग आला. हे बघायचं होतं कुणाला आणि उभी कोण आहे!

उतरताना देउरालीच्या खाली वाट जरा बरी आहे. यांच्या वाटणीचं पळावं म्हणून पळायला लागले. शंभर पावलं पळले असेन. मन नव्हतं, थांबले.

खाली सिनुवा गावात नेटवर्क आलं, तसा यांचा फोन. "दिसली का गं अन्नपूर्णा?"

"नाही हो. ढग होते सगळे. काही खास नाही, उगाच लोक नावाजतात."

"असं का," म्हणाले. मग "सांभाळून ये," म्हणाले.

घरी पोचले तेव्हा सकाळ होती. यांनी चहा ठेवला, माझे बूट उचलून बाहेर ठेवले. मी बसल्यावर मोबाईल माझ्यापुढे धरला. ट्रेकच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून यांचं नाव कुणी काढलंच नव्हतं. रोजचे सगळे फोटो यांना येत होते. समोरचा फोटो माझा होता. मागे निळंशार आभाळ, अख्खी अन्नपूर्णा.

"यात ढग कुठे आहेत गं?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून..."

"वाईट तर वाटणारच. मी गेलो न्हाय. आणि तू जाऊन आलीस तर म्हणतेस तिथं काही नव्हतं. मग आपल्या घरातून गेलं कोण?"

ओढणी तोंडाला लावून रडून घेतलं, आणि मग सांगायला बसले. सोनौलीच्या गर्दीपासून, घोरणाऱ्या आजोबांपासून, ऊन कुठल्या टोकाला आधी लागलं तिथपर्यंत. पायरीवर का रडले तेही सांगितलं. चहा गार झाला. यांनी मध्ये एकदाही टोकलं नाही, फक्त खोकला आला की हात वर करून मला थांबवायचे आणि मग पुढे बोल अशी खूण करायचे.

सगळं संपल्यावर म्हणाले, "चला. आलो जाऊन."

मग उठले, डबा घेतला आणि ड्युटीला गेले. त्याच कारखान्यात. दुसरं काम अजून मिळालेलं नाही.