डाव्या कुशीतला रफू

रफूमास्तरांच्या दुकानाला पाटी नव्हती. ज्याचा कपडा फाटला त्याला ते दुकान बरोबर सापडायचं, आणि ज्याचा फाटला नाही त्याच्याशी मास्तरांना काही कर्तव्य नव्हतं. जिन्याखालच्या त्या खोपटात चाळीस वर्षं ते डावा गुडघा उभा करून बसले, त्या गुडघ्यावर कापड ताणलं आणि त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून उपसलेल्या धाग्यांनी भोकं बुजवली. गिऱ्हाईक कपडा न्यायला आलं की म्हणायचे, "शोधा, कुठे होतं ते." गिऱ्हाईक कपडा उजेडात धरायचं, उलटसुलट करायचं आणि हरायचं. त्या एका सुखावर मास्तर जगले. बाकी स्वभाव तिरसट. वरून ठिगळ मारणाऱ्या शिंप्यांना ते 'चिकटवणारे' म्हणत, आणि घाईतल्या माणसांना तर माणसांतच धरत नसत.

असल्याच एका घाईतल्या माणसाने त्यांना उडवलं.

संध्याकाळी दुकान बंद करून मास्तर समोरच्या फूटपाथवर जायला निघाले होते, पांढऱ्या पट्ट्यांवरून. उजवीकडच्या गाड्या चक्क थांबल्या, म्हणून त्यांनी अर्धा रस्ता ओलांडला. उरलेल्या अर्ध्यात डावीकडून निळी गाडी आली. तिचा पुढचा पत्रा आधीच कुठेतरी ठोकून निघालेला होता. त्या पत्र्याने कोटाची डावी कूस धरली, मास्तरांना दोन हात फरपटत नेलं आणि सोडलं. खाली पडताना डावा गुडघा फुटला.

गाडीवाला उतरला. आधी त्याने गाडी बघितली. मग मास्तरांकडे वळून म्हणाला, "काय काका, बघून चालायचं ना!"

पट्ट्यांवर पायी चालणाऱ्याचा मान पहिला, हे गाडी शिकताना सगळ्यांना पाठ असतं. परवाना खिशात पडला की सोयीस्कर विसर पडतो. मग पायी चालणारा म्हणजे रस्त्यातला दगड, आणि दगडानेच बघून चालायचं! गर्दी जमली ती नंतर. वीस जणांनी मास्तरांचे फोटो काढले, धडक मात्र एकानेही पाहिली नव्हती. कोपऱ्यावरच्या दुकानाला कॅमेरा होता, पण मालकाने तो रस्त्याकडे न लावता स्वतःच्या नोकरांवर लावलेला.

मास्तर इस्पितळात कण्हत असताना पोलीस चौकीत गाडीवाला चहा पीत होता. त्याने सांगितलं आणि हवालदाराने लिहिलं: 'पादचारी गाडीच्या डाव्या हाताच्या फूटपाथवरून अचानक पळत आडवा आला व स्वतः तोल जाऊन पडला.' चाळीस वर्षं एका जागी बसलेला माणूस पळत आला म्हणे! लेकीने फाटका कोट चौकीत नेला, तर हवालदार म्हणाला, "ताई, कपडे घरी न्या. इथे ठेवायला जागा नाही."

त्या एका ओळीवर सगळं अडलं. दोष मास्तरांचा ठरला तर गाडीची विमा कंपनी हात वर करणार, गुडघ्याची शस्त्रक्रिया राहणार, आणि गुडघा वाकला नाही तर कापड ताणायचं कशावर? मास्तरांचा धंदा त्या गुडघ्यावर बसलेला होता.

लेकीने वकीलबाई गाठल्या. जुनं गिऱ्हाईक, त्यांचा काळा कोट मास्तरांनी दोनदा वाचवलेला. त्या घरी आल्या, प्लॅस्टरमधला पाय बघितला आणि म्हणाल्या, "मास्तर, घाबरू नका. तुम्ही पट्ट्यांवर होतात, थांबायचं त्याने होतं. त्याच्या माणसांनी काही कागद आणला तर सही करू नका, आणि दवाखान्याचा एकही कागद टाकू नका. तो म्हणतो तुम्ही त्याच्या बाजूच्या फूटपाथवरून आलात. तसं असतं तर गाडी तुमच्या उजव्या हाताला असती, मार उजव्या कुशीला लागला असता. तुमचा कोट डावीकडे फाटलाय ना? झालं तर! कोट तेवढा द्या."

मास्तरांचा चेहरा खुलला. त्यांनी उशाशी घडी घालून ठेवलेला कोट वकीलबाईंच्या हातात दिला आणि नेहमीच्या तोऱ्यात म्हणाले, "शोधा, कुठे होतं ते."

वकीलबाईंनी शोधलं. खिडकीशी नेऊन शोधलं. मग त्याही हरल्या.

"बाबा!" लेक ओरडली. "हा कोट तुम्ही शिवलात?"

"शिवला नाही, रफू केला," मास्तर म्हणाले. "गुडघा वाकत नव्हता. कढई पालथी घालून तिच्यावर ताणला. अकरा दिवस लागले. असं काम मी जन्मात केलं नव्हतं."

"अहो, पण पुरावा होता तो!"

"फाटका कपडा डोळ्यांसमोर कसा ठेवू?"

धन्य तो कारागीर! गाडीवाल्याला जे पुसून टाकता आलं नसतं, ते यांनी अकरा दिवस खपून स्वतःच्या हाताने पुसलं, आणि वर शाबासकीची वाट बघत बसले.

न्यायालयात विमा कंपनीच्या वकिलाला आयतं कोलीत मिळालं. त्याने कोट दोन बोटांत धरून सगळ्यांना दाखवला. "कुठे आहे फाटलेलं? काकांची कल्पनाशक्ती चांगली आहे." मागच्या बाकावर गाडीवाला हसला. न्यायाधीशांनी चष्मा पुसून कोट पाहिला, बोटं फिरवली आणि मान हलवली. सापडलं नाही.

दुसरी कुठलीही वेळ असती तर मास्तरांनी ही मान हलवलेली आयुष्यभर मिरवली असती.

ते कुबडीवर उठले. "साहेब, मला सुई आणि खिडकीजवळची खुर्ची द्या. कात्री नको."

वकील म्हणाला, "हा काय तमाशा!" न्यायाधीश म्हणाले, "बसा तुम्ही."

मास्तरांनी कोट मांडीवर घेतला. न बघता बोट जागेवर गेलं. पहिला धागा उचलताना त्यांचा हात थांबला, आणि मग थांबला नाही. आडवे धागे निघाले, उभे निघाले. अकरा दिवसांचं काम अर्ध्या तासात उसवलं गेलं. डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते त्यांनी पुसलं नाही, कारण हात कामात होते. डाव्या कुशीत चार बोटांचं भगदाड उघडं पडलं. चांगला रफूवाला फाटलेली कड कापत नाही, आत दडवतो. मास्तरांनी ती दडवलेली कड सुईच्या टोकाने बाहेर काढली. राखाडी लोकरीच्या तुटक्या धाग्यांना निळा रंग चिकटला होता.

मागच्या बाकावरचं हसू कुठच्या कुठे रफूचक्कर झालं. वकील कागद चाळत राहिला, जणू कागदात दुसरा एखादा रंग सापडणार होता.

पुढे गाडीचा रंग जुळला, चौकीतली ती ओळ खोटी ठरली आणि गुडघाही वाकला, पुरता नाही पण कापड ताणण्याइतका. त्या दिवशी मात्र कोट तपासणीसाठी ठेवून घ्यायचा हुकूम झाला. कारकुनाने पावती लिहिली आणि पुढे सरकवली. मास्तरांनी वाचलं: 'लोकरी कोट, एक, फाटका.'

"हे 'फाटका' काढा," मास्तर म्हणाले. "चाळीस वर्षांत माझ्या हातून फाटका कपडा बाहेर गेलेला नाही."

"फाटका आहे म्हणून तर ठेवतोय, काका," कारकून म्हणाला. "नसता तर कोट घरी घेऊन गेला असतात, आणि केस हरला असतात."

मास्तरांनी कोटाकडे एकदा पाहिलं, आणि सही केली.